न मोजायची मेंढरं

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट समजलं नाही. शेजारच्या बायकांनी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची सून रक्ताचे कांपुटर दुरुस्त करती." कुणी जास्तच खोदून विचारलं तर "रक्त कांपुटरमधून जातंय, मधी अडकलं की हिला बोलावतेत" असा खुलासा व्हायचा. त्यावर विश्वास ठेवून आमच्या नात्यातल्या एक काकू थेट पूर्णेहून सुजलेलं बोट दाखवायला आल्या होत्या. मी त्यांना चहा दिला आणि डॉक्टरकडे पाठवलं. आता निवृत्त झाल्यावर या अंकाच्या संपादकांनीही फोनवर "तुमच्या वैद्यकीय सेवेतले अनुभव" मागितले, तेव्हा म्हटलं, आता एकदाचं लिहूनच टाकावं.

प्रयोगशाळा कशाचीही असो, माणसाच्या रक्ताची, विहिरीच्या पाण्याची, शेतातल्या मातीची नाहीतर जनावरांच्या शेणाची, तिचं दुखणं एकच. समोर ढीगभर बाटल्या येतात आणि सगळ्या सारख्या दिसतात. कुठली कुणाची, तिच्यावर काय तपासायचं, कुणी तपासलं, काय निघालं, ते दुसऱ्या कुणी पडताळलं का, आणि कागद योग्य माणसाच्याच हातात पडला का, एवढं सांभाळणं म्हणजे प्रयोगशाळा चालवणं. पूर्वी हे लांबलचक रजिस्टरात व्हायचं. रजिस्टरावर चहा सांडला की त्या पानावरचे सगळे पेशंट चहात जायचे. आता हे सांभाळायला सॉफ्टवेअर आहे. ते लावून देणं, शिकवणं आणि अडलं की सोडवणं, हे माझं काम होतं.

आमचं सॉफ्टवेअर मुक्त होतं. म्हणजे ते जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, त्याच्या आतलं सगळं कुणालाही वाचता येणारं, आणि हवा तसा बदल करून घेता येणारं. मग आमच्या कंपनीला लोक का बोलवायचे? बुंदी कशी पाडतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लग्नात आचारी लागतोच ना? तशातली गत. पाककृती फुकट, आचारी आम्ही. कंपनीचं मोठं ऑफिस पुण्याला, आणि परभणी जिल्ह्याची आचारीण मी एकटी.

मी इंजिनिअर नाही. आधी एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सगळं करत होते. तिथे हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा सोबतचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी जिल्ह्यात मी एकटीच निघाले. त्या एका गुणावर पुढची सगळी नोकरी झाली. दुसरा गुण म्हणजे तापटपणा. "चालतंय की मॅडम" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. प्रयोगशाळेत काहीही 'चालत' नसतं. चाललं म्हणून सोडलेली चूक चालत चालत कुणाच्या तरी घरापर्यंत जाते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका प्रयोगशाळेच्या मालकांना सॉफ्टवेअर दाखवायला गेले, तर ते म्हणाले, "मालक कोन हाय याचा?"

"कुणी एक नाही. सगळ्यांचं आहे."

"मंग बिघडलं तर भांडायचं कुनासंगं?"

"माझ्याशी."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मंग लावा," म्हणाले. पुढे कित्येक वर्षं त्यांनी तो हक्क मनापासून बजावला.

पाथरीकडे पाणी तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथून दर वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन यायचा की बाटलीवरच्या पट्ट्या वाचणारं यंत्र, म्हणजे स्कॅनर, आंधळं झालं. पहिल्या वर्षी मी धावतपळत एसटीने गेले. पाहते तर स्कॅनरच्या काचेवर बरोब्बर मधोमध हळदीकुंकवाचं बोट. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची म्हणजे करायचीच, आणि यंत्राचं तोंड कुठलं हे तिथल्या बाईंना बरोबर कळलेलं. मी काच पुसली, आणि परत येऊन आमच्या सूचनापत्रकात एक ओळ वाढवली: "पूजा यंत्राच्या पाठीवर करावी." पुण्याच्या साहेबांनी ती छपाईतून दोनदा काढली आणि मी दोन्ही वेळा परत घातली.

पण संपादकांनी एकच अनुभव लिहा म्हटलं असतं तर मी केरबाआबांचाच लिहिला असता.

जिंतूरच्या बाहेर एका संस्थेची जनावरांची प्रयोगशाळा होती. तिथला तंत्रज्ञ मुंजाजी. पस्तिशीचा, गोलमटोल, स्वभावाने इतका भिडस्त की कॉम्प्युटरने काही विचारलं तरी नाही म्हणायला त्याला संकोच वाटायचा. एका सकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, फॉर्म पुढं जायनाच."

"कुठला रकाना लाल दिसतोय?"

"कळपात जनावरं किती."

"मग भर ना."

"आबा सांगायनात."

केरबाआबा म्हणजे येलदरीच्या बाजूच्या माळावर मेंढरं राखणारे सत्तरीतले गृहस्थ. त्यांच्या मेंढ्या गाभ टाकायला लागल्या होत्या. पोटातली पिल्लं दिवस भरायच्या आतच पडत होती. जिंतूरच्या डॉक्टरसाहेबांना एका रोगाची शंका होती. तो एकीकडून दुसरीला लागतो, माणसालाही लागू शकतो, आणि लागण झालेली मेंढी कळपात ठेवून चालत नाही. म्हणजे एकूण एक मेंढीचं रक्त तपासायचं आणि आजारी बाजूला काढायच्या. त्यात घाई अशी, की आठ दिवसांनी आबांच्या भावकीचा कळप येऊन यांच्या कळपाला मिळणार होता आणि दोन्ही मिळून चराईला पुढे निघणार होते. आजारी मेंढी एक जरी राहिली, तरी दोन घरांची मेंढरं जाणार.

एवढं सगळं असताना आबा आकडा सांगेनात. त्यांच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की दृष्ट लागते, आणि दृष्ट लागली की कमी होतात. बापाने मोजली नाहीत, आज्याने मोजली नाहीत.

मी मुंजाजीला म्हटलं, "काहीतरी अंदाजाने टाक, मी उद्या येते." हे मी म्हणायला नको होतं. चालतंय की म्हणणाऱ्यांवर तोंड सोडणारी मीच ते बोलले.

मुंजाजीने विचार केला, कमी टाकलं तर आबांना राग येईल. म्हणून त्याने त्या रकान्यात मावेल तेवढा मोठा आकडा टाकला. नवशे नव्व्याण्णव. सॉफ्टवेअर आज्ञाधारक. त्याने ताबडतोब तेवढ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या छापायला घेतल्या. छपाईयंत्रातून चिकट चिठ्ठ्यांची पट्टी सळसळत निघाली, टेबलावरून खाली आली आणि दारापर्यंत गेली. ते थांबवायचं कसं हे मुंजाजीला माहीत नव्हतं. दारात आबांसोबत आलेली एक शेळी उभी होती, तिने पट्टीचं पुढचं टोक खायला सुरुवात केली. एका बाजूने यंत्र छापतंय, दुसऱ्या बाजूने शेळी खातेय, आणि मधे मुंजाजी फोनवर मला विचारतोय की मॅडम, शेळीला गोंद बाधतो का.

आबांना अक्षर वाचता येत नसलं तरी आकडे येत होते. एक चिठ्ठी उचलून त्यांनी पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. "एवढी? आरं कुनाची दृष्ट लावायलास?" मग ते यंत्रापाशी गेले आणि थू थू थू केलं. त्याच क्षणी यंत्र अडकलं आणि बंद पडलं.

"बग," आबा म्हणाले, "लागली का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी जिंतूरला पोचले तेव्हा आबा बाकड्यावर बसले होते, डोक्याला पांढरं मुंडासं, मांडीवर घोंगडी, आणि शेळी तब्येतीने ठणठणीत. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे आवाज चढवून.

"आबा, मोजल्याशिवाय कसं चालेल? एखादी हरवली तर तुम्हाला कळणार कसं?"

आबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बाई, तुमच्या घरी मानसं किती?"

"सहा."

"जेवाया बसल्यावर मोजता का?"

"नाही."

"मंग एखादं आलं नसंल तर कसं कळतंय?"

नोकरीत मला गप्प बसवणारे फार थोडे भेटले, त्यात आबा पहिले.

"आमी संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी हुबं ऱ्हातो," आबा म्हणाले. "एकेक आत जाती. तोंड बगतो. सगळी आली की म्हंतो, सगळी हायत. बास. आकडा कशाला पायजे?"

खरं सांगायचं तर सॉफ्टवेअरलाही आकडा नकोच होता. त्याला बाटल्या ओळखायच्या होत्या. प्रत्येक बाटलीवर ओळखीची पट्टी आणि त्या पट्टीमागे एक मेंढी, एवढं झालं तरी पुरे. मी विचारलं, "नावं आहेत का मेंढरांना?" आबा इतके हसले की त्यांना खोकला आला. नाव नाही असं मेंढरू असतं का, असा त्यांचा भाव होता.

मग मी दोन दिवस बसून सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. मुक्त सॉफ्टवेअरची हीच तर मजा, दार उघडून आत जाता येतं. 'जनावरं किती' या सक्तीच्या रकान्याला मी दुसरा पर्याय दिला: आकडा नको असेल तर 'सगळी आहेत' या चौकोनात खूण करा. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी 'एकूण' म्हणून येणारी ओळ झाकून टाकायची सोय केली. आत कुठेतरी यंत्राला आकडा कळणारच, पण त्याने तो बोलून दाखवायचा नाही. मीही तो कधी पाहिला नाही. पाहता आला असता. पाहवला नाही.

असा बदल केला की तो जगापुढे मांडायचा असतो. इतर लोक तो तपासतात, शंका काढतात, पटला तर मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतात. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की आमच्याकडे काही लोकांना जनावरं मोजलेली चालत नाहीत. त्यावर लगेच शहाण्यांची रांग लागली. एकाने विचारलं, ही चूक आहे का? दुसऱ्याने सुचवलं, शून्य टाका. शून्य! आबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच्या खंडापर्यंत जाऊन थू थू केलं असतं. तिसऱ्याने तर मेंढ्या हा विषयच प्रयोगशाळेच्या कक्षेत येतो का, यावर चार परिच्छेद लिहिले.

मग उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाच्या देशातून निल्स नावाच्या माणसाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, "माझे आजोबा रेनडिअर पाळत. त्यांना 'किती आहेत' असं विचारणारा पाहुणा पुन्हा घरी बोलावला जात नसे. हा बदल घ्यावा." बदल घ्यायचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि त्याने तो घेतला. मी आबांना सांगितलं की आकडा न सांगणारी तुमच्यासारखी माणसं लांब बर्फातही आहेत. आबांना त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. "आसनारच की," म्हणाले. "जनावरं पाळतेत म्हंल्यावर अक्कल आसंलच."

मुंजाजी माळावर गेला, दोन दिवस राबला, एकेका मेंढीच्या मानेतून रक्त घेतलं, आणि आबा सांगतील ते नाव लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तपासणी झाली. ही तपासणी बघायला गोड असते. रक्तावरचं पिवळसर पाणी आणि एक गुलाबी औषध, काचेवर थेंबाला थेंब मिसळायचा आणि चार मिनिटं हलवायचं. गुलाबी रंग एकसारखा राहिला तर मेंढी चांगली. बारीक गुठळ्या धरल्या तर आजारी. बाकी सगळा कळप स्वच्छ निघाला. एका मेंढीपाशी घोळ झाला.

डॉक्टरसाहेबांनी मला फोनवर कागद वाचून दाखवला. "थोरली काळतोंडी. आजारी. आजारी नाही. आजारी नाही. आजारी. आजारी नाही. ताई, ही मेंढी काय ते एकदाचं ठरवणार आहे का?"

मी जिंतूरची एसटी धरली. भावकीचा कळप परवा पोचणार होता.

झालं होतं असं. आबांकडे एकाच आईच्या पाच मेंढ्या होत्या, पाचीही तोंडाने काळ्या: थोरली काळतोंडी, मधली काळतोंडी, धाकटी काळतोंडी, लंगडी काळतोंडी आणि रुसकी काळतोंडी. मालक एक, गाव एक, रंग एक, नावं जवळजवळ सारखी. माणसांच्या दवाखान्यात एकच पेशंट दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर अशा वेळी विचारतं, "हे दोघे एकच आहेत असं दिसतं. एकत्र करू का?" त्याने मुंजाजीला चार वेळा विचारलं. मुंजाजीने चारही वेळा हो म्हटलं.

"अरे, का?"

"मॅडम, एका घरच्याच हायत की. म्हटलं ऱ्हाऊ द्या एकत्र."

एकत्र कुटुंबाची आवड असणारा असा तंत्रज्ञ मी आधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे छापण्यासारखं नाही. मुंजाजीचे डोळे भरून आले, मग मलाच वाईट वाटलं, आणि मी त्याला चहा आणायला लावला.

पाच मेंढ्यांमध्ये दोन आजारी होत्या आणि कुठल्या ते कळत नव्हतं. पाचींनाही काढून टाकावं तर तीन चांगल्या जीवांचा विनाकारण बळी, आणि आबांसाठी त्या पाच म्हणजे लेकी. पाचींनाही ठेवावं तर कळपाचं वाटोळं. पुन्हा सगळ्यांचं रक्त घ्यावं तर तपासणीचं औषध संपत आलेलं, उरलेलं जेमतेम एका मेंढीपुरतं, आणि नवीन यायला आठवडा.

पण या धंद्याचा मला जो अभिमान आहे तो इथे. हे सॉफ्टवेअर काहीही पुसत नाही. एकत्र केलं तरी आधी काय होतं, कुणी, कधी, काय दाबलं, ते सगळं तळाशी तसंच राहतं. ते उकरून परत जोडायची तयार सोय मात्र नव्हती, कारण पाच बहिणींना कुणी एकीत कोंबेल असं जगात कुणालाच सुचलं नव्हतं. मी ओळीन् ओळ वाचत बसले. अडले तिथे निल्सला विचारलं. तो तिकडून सांगत होता आणि मधेमधे काळतोंडी म्हणजे काय ते विचारत होता. चार तासांनी पाच नावं पुन्हा वेगळी उभी राहिली, प्रत्येकीसमोर तिची बाटली. थोरली आजारी. मधली चांगली. धाकटी चांगली. लंगडी आजारी. रुसकी चांगली.

मी खुर्चीतून उठून मुंजाजीसमोर अक्षरशः फुगडीची गिरकी घेतली. निल्सने टाळ्यांचं चित्र पाठवलं. डॉक्टरसाहेबांनी कागदावर सही केली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन मी आणि मुंजाजी माळावर गेलो, मी म्हणजे लढाई जिंकून आल्याच्या थाटात.

आबांनी यादी ऐकली. थोरलीचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली, लंगडीचं ऐकून पुन्हा हलवली. रुसकीपाशी आल्यावर ते थांबले.

"रुसकी चांगली हाय म्हंता?"

"हो, आबा. कॉम्प्युटरमध्ये स्पष्ट आहे."

"रुसकीनं रगत कवा दिलं?"

"त्या दिवशी. मुंजाजीने घेतलं."

आबा हसायला लागले. "रुसकीनं ह्याला तितं त्या बाभळीपोतर पळीवला. सुई तिच्या अंगाला लागलीच न्हाई. मी बगायलो व्हतो की."

मी मुंजाजीकडे पाहिलं. मुंजाजी बाभळीकडे पाहत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मधली लय गरीब हाय. ती जवळच हुबी व्हती. म्हटलं बहिनीच हायत, दोगीचं रगत सारखंच आसंल. बाटली रिकामी ऱ्हायली आसती तर तुमी रागावला आसता."

कळ दाबलेली सॉफ्टवेअरला कळते. न घेतलेलं रक्त त्याला कळत नाही. आणि शेवटच्या वाक्याचा तर मला आजही राग येतो, त्याचा नाही, माझा. मी इतकी ओरडत असे की माणसाला रिकामी बाटली दाखवायची भीती वाटावी. चूक लपवायला शिकवणारा आरडाओरडा चुकीपेक्षा वाईट. हे माझ्या लक्षात यायला एक मेंढी लागली.

मग मी साडीचा पदर खोचला. "चल," म्हटलं, "मी धरते, तू घे."

रुसकीला तिचं नाव अगदी शोभत होतं. ती एकटीच बाजूला, आमच्याकडे पाठ करून उभी होती. मी मागून गेले. माझी चप्पल वाजली, ती वळली, आणि पुढची गोष्ट मला आबांनी सांगितली म्हणून माहीत. मला फक्त आकाश दिसलं. दुसऱ्या वेळेला मी तिला धरलं असं मला वाटलं, पण ती मला धरून चालली होती. तिसऱ्या वेळेला आबा स्वतः आले, नुसतं "ये गं" म्हणाले, आणि रुसकी येऊन त्यांच्या गुडघ्याला मान घासत उभी राहिली. मुंजाजीने बाटली भरली. मी पाठ चोळत त्याला म्हटलं, "शाब्बास." ते त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं असावं, कारण त्याने मागे वळून कोण बोललं ते पाहिलं.

प्रयोगशाळेत परत येऊन उरलेलं औषध काचेवर टाकलं. डॉक्टरसाहेब, मुंजाजी, मी आणि हट्टाने सोबत आलेले आबा, चौघंही वाकून बघत होतो. दोन मिनिटं काही नाही. तिसऱ्या मिनिटाला गुलाबी थेंबात बारीक रवा धरायला लागला.

आबांनी विचारलं, "हे फुटलं म्हंजी आजारी नं?" डॉक्टरसाहेब हो म्हणाले.

"बरं झालं बगितलं," आबा म्हणाले. मग घोंगडीने नाक पुसून म्हणाले, "तिची आई वारली तवा बाटलीनं दूध पाजलंय तिला. म्हून लाडावली." मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. थोरली, लंगडी आणि रुसकी, तिघी त्या दिवशी कळपातून कायमच्या गेल्या. भावकीचा कळप दुसऱ्या दिवशी आला आणि चांगल्या मेंढरांत मिसळला.

काही महिन्यांनी कळप चराईहून परतल्यावर, मेंढ्या पुढच्या खेपेला विण्याआधी, सगळ्या मेंढ्या पुन्हा एकदा तपासायच्या होत्या. त्या खेपेला एकाही थेंबाने गुठळी धरली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. तपासणीच्या सकाळी मी मुद्दाम जिंतूरला गेले होते, मेंढ्या धरायला. मुंजाजीने मोठ्या उत्साहाने माझा नवा फॉर्म उघडला, आबांना समोर बसवलं आणि विचारलं, "आबा, आता आकडा इचारीत न्हाई. इतकंच सांगा, सगळी हायत नं?" खूण करायला त्याचं बोट तयारच होतं.

आबांनी वाकून तो चौकोन पाहिला.

"न्हाईत," ते म्हणाले. "थोरली न्हाई, लंगडी न्हाई, रुसकी न्हाई. सगळी कशी म्हनू?"

मुंजाजीचं बोट तसंच हवेत राहिलं. त्या रकान्यात आकडा नाहीतर खूण, दोन्हीपैकी एक केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. ते मीच तसं करून ठेवलं होतं. मी मुंजाजीला उठवलं, त्याच्या खुर्चीत बसले आणि त्या रकान्याची सक्ती काढून तो साधा केला. भरला तर भरला, नाही तर नाही. बदलाचं कारण लिहायची जागा असते, तिथे मी लिहिलं, "रुसकी नाही." निल्सने काही न विचारता तो मंजूर केला.

आबांचा तो रकाना आम्ही रिकामाच ठेवला. मग माळावर गेलो, आणि मी मधलीला धरलं.